कोंबडी पोरांची, काम पण पोरांचंच: पोल्ट्री शोच्या मेंटरसाठी

मुलांना कोंबड्या पाळायला आणि शोमध्ये दाखवायला शिकवायची जबाबदारी तुम्ही घेतली असेल तर सगळ्यात आधी हे बघा की मूल नक्की कशात भाग घेतंय, कारण पोल्ट्री शोमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात आणि बरेच नवीन मेंटर त्या एकच समजतात. एका प्रकारात जज पक्षी बघतो, म्हणजे जातीच्या स्टँडर्डप्रमाणे (त्या जातीचा पक्षी कसा असावा ह्याचं ठरलेलं वर्णन) तुरा, रंग, ठेवण, पिसं हे सगळं बरोबर आहे का ते. दुसऱ्या प्रकारात, ज्याला शोमनशिप म्हणतात, जज मुलाला बघतो. पक्षी कसा हाताळतो, किती माहिती आहे, पक्षी स्वच्छ आणि निरोगी ठेवलाय का. इथे साधी, शांत, हाताला सवय झालेली कोंबडी भारीतल्या बुजऱ्या कोंबडीपेक्षा कधीही बरी.

आणि एक नियम स्वतःला लावून घ्या, हात मागे बांधून उभं राहायचं. खरंच सांगतो, ह्या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. मूल कोंबडी उलटी पकडतंय असं दिसलं की आपले हात पुढे जातात, पण तुम्ही पकडून दिलीत तर त्याला काय शिकायला मिळालं? पक्ष्याला किंवा मुलाला इजा होणार असेल तरच हात लावा, बाकी वेळ तोंडाने सांगा, त्याहून चांगलं म्हणजे विचारा. "ती फडफडतीये, का असेल?"

पक्षी निवडताना शोच्या तारखेपासून उलटं मोजा. ऑर्पिंग्टन, कोचीन असल्या मोठ्या जाती सावकाश भरतात, त्यांना पूर्ण पिसं आणि अंग यायला सहा-आठ महिने सहज लागतात, लेगहॉर्नसारख्या हलक्या जाती लवकर तयार होतात. लहान हातांना बँटम, म्हणजे बुटकी छोटी कोंबडी, सोपी जाते, आठ वर्षांच्या पोराला चार किलोचा कोंबडा धरायला देऊ नका. सिल्की दिसायला गोड असते आणि सगळ्या पोरांना तीच पाहिजे असते, पण तिच्या पिसांना एकमेकांत अडकणारे हुक नसतात म्हणून ती पाणी धरून ठेवते आणि धुतल्यावर वाळता वाळत नाही, हे आधीच सांगा. पिल्लं नर-मादी न निवडता घेतली तर साधारण निम्मे कोंबडे निघणार. त्या कोंबड्यांचं पुढे काय करायचं, हे मुलाशी आणि आईबाबांशी पिल्लं घ्यायच्या आधीच बोलून घ्या. नंतर बोलायला गेलात तर तोपर्यंत प्रत्येकाचं नाव ठेवून झालेलं असतं.

पिल्लांच्या पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देणारी पेटी) दिव्याखाली साधारण ३५ अंश सेल्सिअस ठेवायचं आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, अंगावर पिसं येईपर्यंत. थर्मामीटर ठेवा, पण मुलाला पिल्लं वाचायला शिकवा. दिव्याखाली सगळी एकावर एक गोळा झाली तर थंडी वाजतीये, चोची उघड्या टाकून कडेला पळाली तर गरम होतंय, सगळीकडे पांगून खातपीत असली तर ठीक. हे एकदा कळलं की पोरगं स्वतःच दिवा वरखाली करायला लागतं. दिवा नीट बांधलेला आहे का ते मात्र मोठ्या माणसानेच तपासायचं, भुशात पडला तर आग लागते. खाद्यात एकच चूक वारंवार होते, घरात आधीपासून अंड्यावरच्या कोंबड्या असल्या की त्यांचंच लेअर खाद्य पिल्लांना टाकतात. त्यात पिल्लांच्या गरजेच्या तीन-चार पट कॅल्शियम असतं आणि त्याने किडनी खराब होते. पिल्लांना चिक स्टार्टर, मग ग्रोवर, आणि अंड्यावर आली की लेअर. दाणे किंवा हिरवा पाला देत असाल तर सोबत बारीक ग्रिट, म्हणजे खडे, पण हवं.

हाताची सवय लहानपणापासून लावायची. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज, रविवारी दोन तास नाही. पकडायची पद्धत अशी की तळहात छातीखाली, छातीचं हाड तळव्यावर, पाय बोटांच्या मध्ये धरलेले, डोकं आपल्याकडे आणि शेपटीकडची बाजू बाहेर (ही बाजू बाहेर का, ते पोरांना पहिल्याच दिवशी स्वतः कळतं). दुसरा हात पाठीवर हलकेच. पिंजऱ्यातून काढताना आणि परत ठेवताना दोन्ही वेळा डोकं आधी, म्हणजे पंख दारात अडकून पिसं तुटत नाहीत. तुटलेलं पीस पुढच्या पिसगळतीपर्यंत तसंच राहतं. मुळासकट निघालेलं दीड-दोन महिन्यांत परत येतं.

शोमनशिपमध्ये साधारण क्रम असा चालतो की पक्षी बाहेर काढायचा, डोकं दाखवायचं, पंख उघडायचा, पिसांखालचा रंग, मग पोटाची रुंदी, छातीचं हाड, पाय, आणि परत पिंजऱ्यात. ठिकाणाप्रमाणे थोडा फरक असतो, नियमावली मागवून घ्या. पण मुलाने नुसता क्रम पाठ केला की जजने एक "का?" विचारला की सगळं बंद पडतं. म्हणून प्रत्येक स्टेपला कारण जोडा. पंख उघडला की बाहेरची मोठी पिसं प्रायमरी, बहुतेक जातींत दहा, मग मधलं छोटं ॲक्सियल पीस, मग सेकंडरी. पिसगळतीत प्रायमरी ह्या ॲक्सियलपासून बाहेरच्या दिशेने गळतात, त्यामुळे पंख बघून गळती कुठवर आलीये ते सांगता येतं. पोटाखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच बसलं तर नाही. आणि पोरांना सगळ्यात आवडणारी गोष्ट, पिवळ्या कातडीच्या जातींत कोंबडी अंडी घालायला लागली की अंगातला पिवळा रंग ठरलेल्या क्रमाने उतरतो, आधी गुदद्वार, मग डोळ्याची कड, कानाची पाळी, चोच आणि शेवटी पाय. अंडी बंद झाली की त्याच क्रमाने परत भरतो. हे कळल्यावर पोरं दिसेल त्या कोंबडीचे पाय बघत फिरतात.

जातीचं स्टँडर्ड मुलाला स्वतः वाचायला लावा. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचं स्टँडर्ड ऑफ परफेक्शन १८७४ पासून निघतंय, इतर देशांत तिथल्या संस्थांची आपापली स्टँडर्ड आहेत, शो ज्याप्रमाणे चालतो तेच वापरा. मुलाला त्यातून पक्ष्याचे दोन गुण आणि एक दोष शोधायला सांगा. आपल्याच पक्ष्याचा दोष शांतपणे सांगणारं मूल जजच्या लक्षात राहतं.

आंघोळ शोच्या दोन-तीन दिवस आधी घाला, म्हणजे पिसांवरचं तेल परत येतं. तीन टब, तिन्हीत कोमट पाणी, पहिल्यात थोडा सौम्य शाम्पू, दुसऱ्यात थोडं व्हिनेगर, तिसऱ्यात नुसतं पाणी. डोकं कायम पाण्याच्या वर. पिसं चोळायची नाहीत, वरून खाली हात फिरवायचा. बऱ्याच कोंबड्या कोमट पाण्यात चक्क डोळे मिटतात. पायाच्या खवल्यांमधली घाण जुन्या टूथब्रशने. महिनाभर आधी एक ट्रायल आंघोळ झालीच पाहिजे, शोच्या आठवड्यात पहिल्यांदाच ड्रायर लावलात तर पक्षी पण घाबरतो आणि पोरगं पण. आणि धुवायच्या आधी शेपटीखाली, पंखांखाली उवा आणि माइट्स (अगदी बारीक किडे) बघा. लाल माइट्स दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येतात, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन खुराडं तपासायचं. औषध पशुवैद्याला विचारून.

स्वच्छतेचं मात्र कडक ठेवा, इथे लाड नाहीत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीकडून पण साल्मोनेला होऊ शकतो, त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुणे, पक्ष्याची पापी न घेणे, खुराड्यात काही न खाणे. आणि तुम्ही स्वतः चार मुलांच्या घरी जाता म्हणजे रोग पसरवणारे तुम्हीच असू शकता, प्रत्येक ठिकाणी चपला-बूट स्वच्छ किंवा वेगळे पाहिजेत. एकाच वेळी बरेच पक्षी अचानक मेले किंवा तुरे निळे-जांभळे पडले तर कुठेही न नेता लगेच पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं, बर्ड फ्लू असू शकतो.

मुलांच्या बाबतीतही नियम हवेत. मूल आणि तुम्ही दोघंच एकटे असं कुठेच नको, आईबाबा किंवा दुसरा मोठा माणूस दिसेल अशा जागी असावा, मेसेज पण पालकांच्या ग्रुपवरच. पक्षी मरतात, हे होणारच, त्यावेळी "दुसरी आणू" असं घाईने म्हणू नका, काय झालं असेल ते मुलाबरोबर शांतपणे बघा आणि त्याला रडायचं असेल तर रडू द्या. वहीत त्या दिवसाची नोंद मुलानेच करायची, खाद्य, वजन, अंडी, आजार ह्यांच्या नोंदी जशा करतो तशीच.

शोच्या दिवशी हवा खेळेल असा खोका, भुसा, स्वतःचं पाणी (नवीन चवीचं पाणी काही पक्षी पीतच नाहीत), फडकं. काही ठिकाणी पुलोरम (कोंबड्यांचा एक संसर्गजन्य रोग) टेस्टचा कागद मागतात, तो आधी विचारून ठेवा. जज बोलत असताना तुम्ही लांब थांबा आणि खाणाखुणा करू नका, जजला दिसतात. निकाल लागल्यावर जजचं कार्ड मुलाकडूनच वाचून घ्या, आणि पटलं नाही तरी पोरासमोर जजला नावं ठेवू नका.

घरी आल्यावर शोमधला पक्षी सरळ कळपात सोडायचा नाही. निदान दोन आठवडे वेगळा, वेगळं भांडं, आणि त्याला खाऊपिऊ घालायचं ते सगळ्यात शेवटी, बाकीच्यांचं झाल्यावर. शोमध्ये नवीन पक्षी विकत घेतला असेल तर तो महिनाभर वेगळा. मुलाला कंटाळा येतो, पण वहीत तारीख लिहून त्या पानावर त्याची सही घ्या.