जीनोमचा गुंडा पडद्यावर पाहताना

मानवी जीनोमचं, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचं, त्रिमितीय मॉडेल मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा समोर रंगीत लोकरीचा विस्कटलेला गुंडा आला. दहा मिनिटं माउसने गरगर फिरवला, कळलं काहीच नाही. तुमची ती दहा मिनिटं वाचावीत म्हणून हे लिहितेय.

आधी मॉडेल कशाचं आहे ते बघा. हाय-सी (२००९) ही डीएनएचे कुठले भाग एकमेकांना चिकटलेत ते शोधायची पद्धत; ती सहसा लाखो पेशींची सरासरी देते. तशी सरासरी रचना प्रत्यक्षात कुठल्याच पेशीत नसेल. मी डिप-सी (२०१८) या तशाच पद्धतीची, पण एकेका पेशीची मॉडेलं वापरते. फाइल साधी असते: प्रत्येक ओळीत गुणसूत्राचं नाव, त्यावरची जागा आणि अवकाशातले क्ष, य, झ हे तीन आकडे. एक ओळ म्हणजे एक मणी. आईकडचा आणि वडिलांकडचा संच मिळून ६०० कोटींहून जास्त बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं. २० हजार बेसला एक मणी धरला तर तीन लाखांच्या आसपास मणी होतात, १ लाखाला एक धरला तर साठेक हजार. सुरुवात साठ हजारांनीच करा. पीडीबी या रेणूंच्या रचनेच्या फाइलीत एका अणूची एक ओळ असते (आपल्यासाठी अणू म्हणजे मणी) आणि अणूच्या अनुक्रमांकाला पाचच रकाने, म्हणजे पाच अंकांची जागा; ९९,९९९ला गाडी अडते. बारीक मॉडेल हवंच असेल तर ही मर्यादा नसलेला एमएमसीआयएफ हा फाइल-प्रकार घ्या.

बघायला मी पायमॉल हे रेणू दाखवणारं सॉफ्टवेअर घेते. ते प्रथिनांसाठी बनलंय, पण त्याला मणी काय नि अणू काय. किमेराएक्स हे तसलंच दुसरं, तेही चालेल.

पीडीबी लिहिताना रकाने मोजून लिहा: क्ष ३१ ते ३८, य ३९ ते ४६, झ ४७ ते ५४. एकदा माझ्या स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जास्त पडली. प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक पुढच्या रकान्यात गेला आणि गोल केंद्रक काठीसारखं लांबुळकं झालं. अर्धा दिवस मी त्याचं जीवशास्त्रीय कारण शोधत होते! बाविसाव्या रकान्यात साखळीचं अक्षर येतं; आपल्याकडे एक गुणसूत्र म्हणजे एक साखळी. आईकडच्या २३ गुणसूत्रांना मोठी रोमन अक्षरं, वडिलांकडच्यांना लहान; ४६ आरामात बसतात.

फाइल उघडण्याआधी पायमॉलची कनेक्ट मोड ही सेटिंग १ करा, नाहीतर ते नुसतं अंतर पाहून भलत्याच मण्यांची सोयरीक जुळवतं. कुठला मणी कुठल्याला जोडायचा ते फाइलीतच लिहा, आणि पहिल्याचं शेपूट दुसऱ्या गुणसूत्राच्या डोक्याला जोडू नका. सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागापाशी, बऱ्याचदा मणीच नसतात. तिथे मी फट तशीच ठेवते. जोडली तर सरळ काठी दिसते आणि बघणारा तिलाच काहीतरी महत्त्वाचं समजतो.

रंग आधी साखळीनुसार द्या, कोण कुठे आहे ते कळेल. मग खरी गंमत. बी-फॅक्टर नावाच्या, मण्यागणिक एक आकडा ठेवायच्या रकान्यांत (६१ ते ६६) त्या मण्यातलं सीपीजीचं, म्हणजे सीनंतर लगेच जी येणाऱ्या अक्षरजोडीचं, प्रमाण भरा, स्पेक्ट्रम कमांडने रंगवा आणि क्लिप स्लॅबने मधली पातळ चकती तेवढी ठेवा. फिरवण्यापेक्षा कापणं केव्हाही बरं. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीमध्ये सीपीजी कमी असलेले मणी बरेचसे कडेला दिसतील.

मॉडेलवर विश्वास ठेवण्याआधी १८ आणि १९ सोडून सगळी गुणसूत्रं लपवा. लिम्फोसाइटमध्ये १८ कडेला आणि १९ आतल्या बाजूला असतं, हे १९९९ सालीच ठरावीक गुणसूत्राला चिकटणारे चमकणारे प्रोब वापरून दाखवलं गेलंय. एखाद्या पेशीत उलटं दिसलं तर घाबरू नका, पाच-सहा पेशी पाहा. सगळ्यांतच उलटं असेल तर आधी स्वतःची स्क्रिप्ट तपासा. एखादं जनुक शोधताना मॉडेल मानवी जीनोमच्या संदर्भ-नकाशाच्या एचजी१९ या आवृत्तीवर आहे की एचजी३८वर तेही बघा (दोन्हींत जागांचे आकडे वेगळे असतात), नाहीतर बोट शेजारच्याच मण्यावर पडतं.

आणि एकाच पेशीची, दोनदा गणित करून काढलेली मॉडेलं कितीही फिरवून एकमेकांवर बसत नसतील, तर एक दुसऱ्याचं आरशातलं रूप असू शकतं. कोण कोणाला चिकटलंय एवढ्यावरून डावं-उजवं ठरत नाही. एका फाइलीतल्या क्षच्या सगळ्या आकड्यांची चिन्हं उलटी करा आणि परत बसवून पाहा.