भाड्याच्या घरावर निघालेली मागील थकबाकी

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी भाड्याने राहतो. मार्चअखेरच्या वसुलीत ग्रामपंचायतीचा शिपाई माझ्या नावाचे देयक देऊन गेला. त्यात घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि पाणीपट्टी यांची मी राहायला येण्यापूर्वीची थकबाकीही जोडलेली होती. घरमालक नागपूरला असल्याने वसुली जो दारात सापडेल त्याच्याकडे वळते, हे गावाकडे नवीन नाही.

पैसे भरण्याआधी मी नमुना ८ चा उतारा मागितला. या आकारणी नोंदवहीत मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा) यांचे रकाने वेगळे असतात. माझे नाव दुसऱ्या रकान्यात होते, परंतु नमुना ९ मध्ये, म्हणजे कर मागणी नोंदवहीत, ते मालकाच्या जागी उतरले होते. मग भाडेकराराची प्रत जोडून, राहायला आल्याची तारीख ठळकपणे नमूद करून, नोंद दुरुस्त करावी आणि थकबाकी वर्षनिहाय दाखवावी असा लेखी अर्ज केला व त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. ‘पाहून घेऊ’ या तोंडी आश्वासनावर मी थांबलो नाही, कारण ग्रामसेवकाची बदली झाली की ते त्यांच्यासोबतच जाते.

घरमालक काकाजींना तीच कागदपत्रे पाठवल्यावर त्यांनी जुनी बाकी मान्य केली. करारानुसार माझ्याकडे असलेली, राहायला आल्यापासूनची पाणीपट्टी मी भरली. उरलेली रक्कम त्यांच्या लेखी संमतीने भरून पुढील भाड्यातून वळती केली. नमुना १० ची पावती मात्र मालकाच्याच नावाने घेतली.