लिनक्सवर व्हीएमसाठी ब्रिज बनवताय? या चुका टाळा

केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) व्हीएम, म्हणजे एका मशीनच्या आत चालणारी दुसरी व्हर्च्युअल मशीन, उभी करायला दहा मिनिटं लागतात, खरा वेळ जातो तो तिला नेट द्यायला. व्हीएमला राउटरकडून सरळ आयपी मिळावा, घरातल्या किंवा ऑफिसातल्या बाकीच्या मशीनसारखीच ती दिसावी, एवढंच पाहिजे असतं आणि त्यासाठी माणूस ब्रिज बनवायला बसतो, दोन कमांड मारतो आणि होस्टचंच, म्हणजे व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालते तिचंच, नेट जातं. इथे लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात किंवा जवळच्यांना करताना बघितल्यात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आयपी जुन्या कार्डावरच ठेवणं. ब्रिज म्हणजे मशीनच्या पोटातला स्विच असं धरून चाला. तुमचं खरं लॅन कार्ड त्यात घातलं की ते त्या स्विचचं नुसतं एक पोर्ट झालं, व्हीएमचा टॅप (तिचं होस्टवरचं आभासी कार्ड) हे दुसरं पोर्ट, आणि पोर्टला स्वतःचा आयपी नसतो. म्हणजे आयपी, गेटवे (बाहेर जायचा रस्ता), डीएचसीपी (राउटरकडून आपोआप आयपी घेणं) सगळं कार्डावरून काढून ब्रिजवर आणायचं. काहीजण भीतीपोटी दोन्हीकडे आयपी ठेवतात, मग राउटिंग टेबलमध्ये (कोणतं पॅकेट कुठून जाणार याची यादी) एकाच सबनेटचे, म्हणजे एकाच नेटवर्कचे, दोन रस्ते दिसतात आणि पॅकेट चुकीच्या रस्त्याने जायला लागतं. राउटिंग टेबल उघडून बघा, डिफॉल्टच्या ओळीत ब्रिजचं नाव पाहिजे, कार्डाचं दिसलं तर काम अर्धवट आहे.

आता हेच काम लांबून एसएसएचवर (नेटवरून दुसऱ्या मशीनवर कमांड मारायची सोय) करणं ही त्याहून मोठी चूक, कारण कार्ड ब्रिजमध्ये घातलं त्या क्षणी तुमचं कनेक्शन लटकतं आणि पुढची कमांड मारायला तुम्ही उरतच नाही. मी हे रात्री अकराला दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर केलंय, सकाळी कुणीतरी जाऊन मॉनिटर आणि कीबोर्ड जोडेपर्यंत त्यावरचं सगळं बंद होतं. उबुंटूवर असाल तर नेटप्लॅनने (उबुंटूचं नेटवर्क सेटिंगचं साधन) सरळ अप्लाय न करता नेटप्लॅन ट्राय ही कमांड वापरा, १२० सेकंदात तुम्ही एंटर दाबलं नाही तर ते जुनं सेटिंग परत आणतं. पण ब्रिजला एसटीपी (पॅकेटं नेटवर्कमध्ये गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेला प्रोटोकॉल), फॉरवर्ड डिले (नवीन पोर्ट सुरू व्हायच्या आधीचं थांबणं) असले पॅरामीटर दिले असतील तर हे परत फिरवता येणार नाही असं सांगून ट्राय नकार देऊ शकतं, आणि लोक तिथेच वैतागून अप्लाय मारतात. अशा वेळी आयपी कमांडने तात्पुरतं करून बघा, आणि त्याआधी दहा मिनिटांनी रीबूट होईल असं शटडाउन लावून ठेवा. आयपी कमांडने केलेलं काही सेव्ह होत नाही, त्यामुळे अडकलात तर रीबूटनंतर मशीन जुन्या सेटिंगवर येईल. नीट चाललं तर ते शटडाउन रद्द करायला विसरू नका, आणि मग तेच सेटिंग नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहा, नाहीतर महिन्याभराने लाइट जाऊन आली की ब्रिज गायब.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळं सांगतो, वायफाय कार्ड ब्रिजमध्ये जात नाही. कमांड मारली की ऑपरेशन नॉट सपोर्टेड असं येतं आणि मग लोक ड्रायव्हर बदलतात, कर्नल बदलतात. ड्रायव्हरचा यात काही दोष नाही हो. ज्या मॅक पत्त्याने (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) तुम्ही वायफायला जोडलेले आहात फक्त त्याच मॅककडून आलेलं अ‍ॅक्सेस पॉइंट घेतो, आणि वायफायच्या नेहमीच्या फ्रेममध्ये मागे बसलेल्या व्हीएमचा वेगळा मॅक लिहायला जागाच नसते. "पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये तर ब्रिज चालतो" असं कोणीतरी म्हणतंच, तर तिथे व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमचा मॅक बदलून लॅपटॉपचा मॅक लावून पाठवतं, तो खरा ब्रिज नाही. वायफायवर लिबव्हर्टचं (केव्हीएमच्या व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) तयार नॅट नेटवर्कच वापरा, त्यात व्हीएम होस्टच्याच आयपीमागून बाहेर जाते, १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे आयपी मिळतात, व्हीएममधून बाहेर सगळं चालतं, बाहेरून आत यायचं असेल तर तेवढं पोर्ट फॉरवर्ड करावं लागतं.

आता डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरांत बंद करून चालवणारं सॉफ्टवेअर. यात माझे दोन दिवस गेलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. ब्रिज महिनोन्‌महिने छान चालू असतो, एक दिवस त्याच होस्टवर डॉकर टाकता आणि व्हीएमचं नेट जातं. होस्टचं नेट चालू, व्हीएमवरून होस्टला पिंग चालू, पण राउटरला पिंग नाही. ब्रिजच्या सेटिंगला तर कोणी हातही लावलेला नसतो. होतं काय, डॉकर आयपीटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्ड चेनची, म्हणजे मशीनमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठीच्या नियमांच्या यादीची, पॉलिसी ड्रॉप (पॅकेट टाकून द्या) करून ठेवतं, आणि ब्रिज नेटफिल्टर हे मॉड्यूल लोड झालेलं असेल तर ब्रिजमधून एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर जाणारी पॅकेटंसुद्धा त्याच चेनमधून जातात आणि तिथेच मरतात. ओळखायची खूण सांगतो, व्हीएममध्ये नेबर टेबल (कोणत्या आयपीचा मॅक कोणता याची यादी) बघितलं तर राउटरचा मॅक दिसतो, कारण एआरपीला (आयपीवरून मॅक शोधणारी पॅकेटं) आयपीटेबल्स अडवत नाही, पण आयपीचं एकही पॅकेट पलीकडे जात नाही. असं दिसलं की ब्रिजवर संशय घेणं सोडा. डॉकर-यूजर नावाच्या चेनमध्ये ब्रिजमधून आत येऊन ब्रिजमधूनच बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकला परवानगी द्या आणि तो नियम रीबूटनंतरही राहील असं बघा. डॉकरचं आयपीटेबल्सच बंद करून टाका असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मग कंटेनरांचं नेट जातं.

एसटीपी चालू असेल तर नवीन पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये थांबतं, म्हणजे अर्धा मिनिट काही जात नाही, तेवढ्यात व्हीएमच्या डीएचसीपीने कधी कधी हार मानलेली असते. एकच खरं कार्ड असलेल्या ब्रिजला एसटीपी लागत नाही, बंद करा.

पिंग होतं पण वेबसाइट अर्धी उघडते, एसएसएच लॉगिनपाशीच अडकतं, असं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघा. साधं लॅन १५०० बाइटचं, वायरगार्ड (एक व्हीपीएन) साधारण १४२० वर चालतं, व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कवरून दुसरं आभासी नेटवर्क नेणारा प्रकार) ५० बाइट खातं म्हणून आत १४५० ठेवावं लागतं. छोटं पिंग यातून आरामात जातं म्हणून कुणाला शंका येत नाही. फ्रॅगमेंट करू नको असं सांगून १४७२ साइजचं पिंग मारा, २८ बाइट हेडरचे धरून ते बरोबर १५०० होतं. ते अडलं तर साइज कमी करत जा, जिथे पार होईल त्यात २८ मिळवले की तुमचा एमटीयू.

आणखी एक, व्हीएम क्लोन केली, मॅक नवीन दिला, तरी दोन्ही व्हीएमला राउटर एकच आयपी देतो. उबुंटू सर्व्हरवर हे हमखास होतं. तिथे डीएचसीपीला ओळख म्हणून मॅक जात नाही, ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी फाइलवरून बनवलेला आकडा जातो आणि क्लोनमध्ये ती फाइल जशीच्या तशी आलेली असते. क्लोनमध्ये ती फाइल रिकामी करा, डिलीट नाही, रिकामी, आणि रीबूट करा. किंवा नेटप्लॅनमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवरून दे असं लिहा.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका. व्हीएममधून राउटरला पिंग चालू ठेवा आणि होस्टवर टीसीपीडम्प (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) आधी टॅपवर लावा, मग ब्रिजमध्ये घातलेल्या लॅन कार्डावर. टॅपवर दिसतंय आणि कार्डावर नाही म्हणजे होस्टच्या आतच अडलंय, फायरवॉल नाहीतर एसटीपी बघा. कार्डावरून बाहेर जाताना दिसतंय पण उत्तर येत नाही, मग केबलच्या पलीकडे बघा, बऱ्याच ऑफिसांत स्विचवर एका पोर्टला एकच मॅक चालेल असं लावलेलं असतं, तिथे नेटवर्कवाल्यांना सांगूनच ते उघडून घ्यावं लागतं.