नवीन पटाशी, रंधा घेतलात? आधी धार लावा, मग लाकडाला हात लावा

कुठल्या कंपनीची हत्यारं घेऊ हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि उत्तर ऐकून जरा हिरमुसतात, कारण मी म्हणतो कंपनीचं नंतर बघू, आधी धारेची सोय करा. दुकानातून आणलेली पटाशी अर्धवट तयार झालेली असते. महागातली असली तर थोडी जास्त तयार, एवढाच फरक.

सुरुवातीला पाव, अर्धा आणि एक इंची अशा तीन पटाश्या, चार नंबरचा लोखंडी रंधा, एक करवत, गुण्या (काटकोन तपासायचा), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं), लाकडी मोगरी आणि दोन शिकंजे घ्या. आठ-दहा पटाश्यांचा चकचकीत सेट घेऊ नका, त्यातल्या निम्म्या पेटीतच गंजतात. म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं मिळून जातं. आणि गावात कोणा म्हाताऱ्या मेस्ताची, म्हणजे सुताराची, पेटी माळ्यावर पडून असेल तर आधी ती बघा, जुनं पोलाद बऱ्याचदा चांगलं निघतं. वरवरचा गंज घासून जातो, पण पटाशीच्या सपाट पाठीला धारेजवळ खोल खड्डे पडले असतील तर नमस्कार करून परत ठेवा, कारण धार जेव्हा जेव्हा त्या खड्ड्यापर्यंत पोचेल तेव्हा ती तिथे तुटकी दिसणार. रंधा घेताना तोंडाजवळ, म्हणजे पान (पातं) बाहेर येतं त्या फटीपाशी, बिडाला चीर गेलीय का ते उजेडात धरून बघा. गुण्या दुकानातच तपासता येतो: सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर ठीक, फाकल्या तर दुसरा दाखवा म्हणून सांगा.

आता धार. महागडे दगड लगेच घ्यायची गरज नाही, काचवाल्याकडे जाड काचेचा उरलेला तुकडा मागा, किंवा किचनच्या ओट्याचा ग्रॅनाइट उरला असेल तर तोही चालेल, आणि त्यावर पाण्याने वॉटर पेपर चिकटवा, २२०, ४००, ८००, १२०० आणि शेवटी २०००, आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. पटाशीची पाठ आधी करायची, उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू, नंतर, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. पाठीच्या शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरवर काळ्या मार्करने रेघोट्या मारा, पटाशी काचेवर सपाट दाबून घासा आणि उचलून बघा, काळं कुठे राहिलंय ते दिसेल. राहिलेला भाग खोलगट आहे. धारेलगतचं काळं पूर्ण जाईपर्यंत २२० सोडायचा नाही, मग पुढचे कागद पटापट होतात. मूठ चुकूनही वर उचलू नका, धारेकडची कड गोल झाली की सगळी मेहनत वाया. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका पटाशीला आयुष्यात एकदाच नीट करावं लागतं.

मग उतार. साधारण २५ अंशाचा ठेवा आणि शेवटी मूठ किंचित वर करून ३० अंशावर टोकाला चार-पाच हात मारा, म्हणजे पुढच्या वेळी धार लावताना तेवढीच बारीक पट्टी घासावी लागते. कळायचं कसं? पाठीवरून बोट धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवा, टोकाशी किंचित खरखर लागली पाहिजे आणि ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लागली पाहिजे. मध्येच गायब असेल तर तिथे अजून धार पोचलेली नाही. सगळीकडे आली की बारीक कागदावर जा, शेवटी पाठ सपाट टेकवून ती खरखर काढून टाका, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर बफिंगचा हिरवा साबण चोळून दोन्ही बाजू मागे ओढा. पुढे ढकललंत तर चामडं कापाल. परीक्षा पॅकिंगच्या पेटीच्या पाईनवर घ्या, फळीच्या टोकाकडून पातळ साल काढा: कापलेली जागा गुळगुळीत चमकली तर झालं, पांढरट चुरगळलेली दिसली तर परत कागदावर. ग्राइंडर वापरत असाल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, टोक निळं पडलं की तेवढ्या पोलादाचं पाणी गेलं, तो भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

रंध्याचं पान असंच, फक्त दोन्ही कोपरे थोडे जास्त घासायचे म्हणजे फळीवर रेघा उठत नाहीत. पण रंध्याची खरी गोम वरच्या पानात आहे, ज्याला कॅप आयर्न म्हणतात. ते खालच्या पानावर इतकं घट्ट बसलं पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये, नाहीतर साल त्या फटीत घुसते आणि तोंड चोंदतं, मग लोक रंध्याला शिव्या घालतात. साध्या कामाला ते धारेपासून एक मिलीमीटर मागे ठेवा. फणसासारख्या लाकडात रेषा उलटसुलट असतात, तिथे अगदी अर्ध्या मिलीमीटरच्याही आत आणा आणि साल पातळ घ्या, लाकूड उपटून यायचं बरंच थांबतं. तळाला मेणबत्ती घासत राहा, हात निम्मा हलका होतो. सागवानाबद्दल एक सांगून ठेवतो, कापायला ते सोपं वाटतं पण त्यात सिलिका असते, धार लवकर बोथट होते, तेव्हा मधेच थांबून चामड्यावर दोन हात मारायची सवय लावा. जुन्या घराचे मट्टी किंवा किंदळचे वासे मिळाले तर आधी खिळे शोधा, चांगल्या पानाची वाट लागायला एक खिळा पुरतो.

करवतीचं थोडक्यात. लाकडाच्या रेषेच्या दिशेने चिरायला इंचाला पाच-सात दातांची आणि आडवं कापायला दहा-बाराची. बाजारातल्या प्लास्टिक मुठीच्या करवतीचे दात टोकाला काळे-निळसर दिसत असतील तर ते कडक केलेले आहेत, त्यावर तीनधारी कानस चालत नाही, बोथट झाली की टाकून द्यायची. कानसीने धार लावून घ्यायची असेल तर साध्या दातांचीच घ्या.

आणि आता आपला खरा शत्रू, पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हत्यार नुसतं टेबलावर ठेवलं तरी लालसर होतं, किनाऱ्याकडे राहणाऱ्यांना तर खारा वारा बारमाही. काम झालं की हाताचा घाम पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल घरात असतं म्हणून लावू नका, काही महिन्यांनी ते चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. चामड्याच्या म्यानात पटाशी कायमची ठेवली तरी गंज धरते, सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवा आणि बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका.

शिकायला पहिलं काम म्हणून माटोळीची (चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची) चौकट करा, चवथीच्या दोन महिने आधी घ्या म्हणजे घाई नाही. चार पट्ट्या, कोपऱ्यांना अर्ध्या-अर्ध्या जाडीची खाच, रेघ पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने मारलीत तर पटाशी आपोआप त्या खाचेत बसते. फळं-भाज्यांचं ओझं येणार आहे, तेव्हा खाच घट्ट हवी, पण मोगरीने ठोकून घुसवावी लागेल इतकीही नको. आणि ड्रॉवरच्या वाटेला जाणार असाल तर मे महिन्यात तंतोतंत बसवू नका, जुलैत लाकूड फुगून तो उघडणारच नाही, वर थोडी फट सोडा, आणि फळी जितकी रुंद तितकी ती जास्त.