जुन्या मनीतला हिशोब ग्नूकॅशमध्ये असा आणला

वडिलांचा सगळा हिशोब, सोयाबीनच्या पट्ट्या, आडतीवरची उचल, पीककर्जाचे हप्ते, सगळं मायक्रोसॉफ्ट मनी या हिशोबाच्या जुन्या प्रोग्राममध्ये होतं आणि लातूरच्या घरचा तो जुना कंप्युटर आता लई आचके द्यायला लागला होता. मनीची विक्री २००९ लाच बंद झाली, पण २०१० ची फुकट सनसेट आवृत्ती आहे, तिच्यात आमची एमएनवाय फाईल (मनी हिशोब ज्यात ठेवतं ती) उघडली. आधी फाईलची कॉपी पेनड्राईव्हवर घ्या, मगच हात लावा.

ग्नूकॅश हा हिशोबाचा फुकट प्रोग्राम एमएनवाय वाचत नाही, म्हणून मनीतून प्रत्येक खातं वेगळं क्यूआयएफ (ग्नूकॅशला वाचता येणारी फाईल) करून काढायचं. इथं खरी गोम आहे बघा, त्या सगळ्या फाईली एकाच इम्पोर्टमध्ये सोबत द्यायच्या, कारण बचत खात्यातून कर्जात भरलेला हप्ता दोन्ही फाईलीत असतो, सोबत दिल्या की ग्नूकॅश दोन्ही नोंदी जुळवून एकच ठेवतं.

तारखेचा फॉरमॅट विचारला की नीट बघून निवडा. ०५/०६ म्हणजे ५ जून का ६ मे हे फाईलीवरून कळत नाही, मी बियाणं-खताच्या पावत्या समोर ठेवून ठरवलं. शेवटी प्रत्येक खात्याची शिल्लक पासबुकाशी ताडून पाहिली, पैसा न पैसा जुळला, वडील लई खूश झाले.