ड्रॉपडाउनमध्ये नवीन नाव येत नाही? जँगोवाल्यांनो, या चुका टाळा

जँगोच्या (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) ॲडमिनमध्ये नवीन शाखा टाकली, सेव्ह झाली, पण फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये येतच नाही. कोड उघडला की दर वेळी तेच निघतं, फॉर्म क्लासमध्येच डेटाबेसवर क्वेरी मारून चॉइसेसची, म्हणजे पर्यायांची, लिस्ट बनवलेली. अरे, तो कोड सर्व्हर सुरू होताना एकदाच चालतो, पुढे तुम्ही डेटाबेसमध्ये काहीही टाका, लिस्ट जुनीच राहणार.

एका कोचिंग क्लासवाल्यांच्या ॲडमिशन फॉर्मला हेच झालेलं, आणि वर नवीन शाखा कधी दिसायची, कधी गायब. टीमने सगळं खापर ब्राउझरच्या कॅशवर फोडलं, पालकांना फोनवर 'कंट्रोल शिफ्ट आर दाबा' सांगणं चालू. खरं कारण म्हणजे गुनिकॉर्नचे (जँगो चालवणारा सर्व्हर) वर्कर, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या प्रोसेस, मॅक्स रिक्वेस्ट्सची ठरलेली मर्यादा भरली की एकेक करून नव्याने सुरू होत होते, त्यामुळे काहींकडे नवी लिस्ट, काहींकडे जुनी, रिक्वेस्ट ज्याच्याकडे जाईल तसं दिसणार. त्यावर उपाय काय शोधला, तर रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं टूल) सर्व्हर रिस्टार्ट! असले जुगाड बघून खरंच चीड येते, डॉक्युमेंटेशनचं एक पान वाचायला किती वेळ लागतो?

मी सरळ मॉडेलचॉइसफील्ड वापरतो, ते पर्याय थेट डेटाबेसमधून दर वेळी ताजे घेतं. युजरप्रमाणे फिल्टर हवा असेल तर क्वेरीसेट (डेटाबेसमधून काय आणायचं ते) इनिटमध्ये, म्हणजे फॉर्म बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सुपरच्या ओळीखाली लावतो. साधं चॉइसफील्डच हवं असेल तर चॉइसेसला फंक्शन द्या, जँगो १.८ पासून चालतं, फॉर्म बनताना दर वेळी ते नव्याने चालतं. फक्त फंक्शनचं नाव द्यायचं, पुढे कंस लावलात की ते तिथेच एकदा चालून जातं, पुन्हा तीच बोंब.

दुसरी चूक जिल्हा-तालुक्याची, म्हणजे जिल्हा निवडला की सर्व्हरकडून त्याचे तालुके मागवणाऱ्या ड्रॉपडाउनची. युजर ठाणे निवडतो, लगेच बदलून पालघर करतो, ठाण्याचं उत्तर मागाहून येतं आणि पालघरखाली भिवंडी, कल्याण दिसायला लागतात. नवीन रिक्वेस्ट पाठवायच्या आधी जुनी अबॉर्टकंट्रोलरने (ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमधली सोय) रद्द करा, आणि जोडी बरोबर आहे का ते सर्व्हरवरही तपासाच.

तालुक्यावर 'सिलेक्ट अ व्हॅलिड चॉइस' एरर आला म्हणून फील्डचं कॅरफील्ड (कोणताही मजकूर घेणारं फील्ड) करून मोकळं होऊ नका, मग कोणीही काहीही पाठवेल. इनिटमध्ये सेल्फ डॉट डेटामधून (युजरने पाठवलेली माहिती) जिल्हा घ्या, त्याचे तालुके क्वेरीसेटला लावा.

सिलेक्ट२ (ड्रॉपडाउनमध्ये शोधायची सोय देणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) असेल तर व्हॅल्यू कोडने बदलल्यावर चेंज इव्हेंट ट्रिगर करा, नाहीतर दिसणारी निवड बदलत नाही.

आणि एडिट फॉर्म उघडून बघा, तिथे सेव्ह केलेला तालुका रिकामा दिसतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळे फक्त नवीन फॉर्मच टेस्ट करतात.