गिअरचा दांडा सैल झालाय? शॉर्ट शिफ्टर मागवण्याआधी या चुका टाळा

दांडा ताकातल्या रवीसारखा फिरतो, दुसरा गिअर शोधावा लागतो, रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. या तीन तक्रारी बहुधा एका दमात सांगितल्या जातात आणि तिन्हींवर एकच औषध मागितलं जातं: शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना दांड्याचा प्रवास कमी करणारा भाग. खरं तर पहिली तक्रार बहुतेक वेळा झिजलेल्या बुशांची (सांध्यांतल्या कड्यांची) असते, दुसरी ऑइलची किंवा केबलच्या ॲडजस्टमेंटची आणि तिसरी क्लचची. शॉर्ट शिफ्टर यातलं काहीच बरं करत नाही.

आधी रचना समजून घेऊ. स्विफ्ट, आय२०, पोलो अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. दांडा डावी-उजवीकडे हलवला की एक केबल ओढली जाते आणि गिअरची रांग निवडली जाते. पुढे-मागे केला की दुसरी केबल प्रत्यक्ष गिअर टाकते. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत केबलच्या जागी सळ्या असत. जिप्सी किंवा बोलेरोत दांडा थेट गिअरबॉक्सवरच बसतो. तुमची गाडी यांपैकी कुठल्या जातीची आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

क्लचचा दोष दांड्याच्या माथी मारणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. सपाट जागी हँडब्रेक लावा, इंजिन बंद ठेवा, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा गिअर पडला नाही तर दुसरा एखादा टाकून मग तो पुन्हा टाकून बघा. आतले दात समोरासमोर आले की असं होतं, तो दोष नव्हे. आता इंजिन चालू करून तेच करा. बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते आणि चालू इंजिनवर पहिला, रिव्हर्स जड झाले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये.

दुसरी खूण रिव्हर्सची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी यंत्रणा, नसतो. क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. इतकं थांबूनही दात कर्रकन घासले तर दांड्यावर एक रुपयाही खर्च करू नका. क्लच केबलचा असेल तर त्याचा फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) तपासा. हायड्रॉलिक असेल तर द्रवाची पातळी पाहा, मास्टर (पेडलकडच्या) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलिंडरपाशी ओल आहे का बघा आणि सिस्टिममधली हवा काढून घ्या. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा द्रव एकाच डब्यातून जातो, त्यामुळे ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं न बदलण्याचा भुर्दंड क्लचलाही बसतो.

आणि त्याही आधी पायाखाली बघा. जाड ७डी मॅट क्लचच्या पेडलखाली आली की पेडल तळाला पोचण्याआधीच अडतं. मॅट काढून एक चक्कर मारा. गिअर सुधारले तर मॅट पेडलखाली कापून घ्या, नाहीतर पातळ मॅट वापरा.

कर्र आवाज एकाच गिअरला, म्हणजे फक्त दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला येत असेल, तर मात्र त्या गिअरचा सिंक्रो झिजलेला असण्याची शक्यता मोठी. त्याला गिअरबॉक्स उघडण्यावाचून इलाज नाही. अशा गिअरबॉक्सवर शॉर्ट शिफ्टर चढवला तर सिंक्रोला मिळणारा वेळ आणखी कमी होतो आणि उरलंसुरलं आयुष्यही संपतं.

“नव्वद नंबर टाक” म्हणून मोकळं होणे

गॅरेजमध्ये गिअर ऑइल म्हटलं की बहुतेकदा नव्वद नंबरचा डबा पुढे येतो. त्यावर दर्जा जीएल-४ लिहिलाय की जीएल-५ हे कुणी वाचत नाही, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. जीएल-५ हे मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरसाठी बनवलेलं असतं. तिथे दात एकमेकांवर जोरात घसरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची दाबरोधक रसायनं भरपूर असतात. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोची पितळी कडी मात्र घर्षणावरच काम करते. तिने गिअरच्या शंकूला पकडून वेग जुळवायचा असतो. ऑइल फार निसरडं असेल तर पकड उशिरा येते, गिअर अडखळतो. शिवाय काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं पितळालाही खातात. याच कारणाने “गिअर मऊ करणारी” बाटलीबंद ॲडिटिव्हही गिअरबॉक्समध्ये ओतू नयेत.

गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा आणि जी ग्रेड (दाटपणा) दिली आहे तीच घ्या. ७५डब्ल्यू-८० सांगितलं असताना ८०डब्ल्यू-९० टाकलं तर डिसेंबरच्या सकाळी नाशिकला पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर हट्टाला पेटतो आणि गाडी तापली की सुतासारखा सरळ होतो. ही खूण दिसली की ऑइलकडेच बोट दाखवायचं. ७५डब्ल्यू-९० हा आकडा ऐकून ते इंजिन ऑइलपेक्षा फार घट्ट वाटतं, पण दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. प्रत्यक्षात ते साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच दाट असतं.

बदलताना गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. गाडी चारही बाजूंनी सारखी उचला आणि स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच खालचा. भरायचा बोल्ट गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलई दिसली तर काळजी नको. नखाएवढे तुकडे किंवा दाताचा कपचा दिसला तर पुढचं काम थांबवा आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्याला दाखवा. वॉशर नवीनच घाला. छोट्या गाड्यांत साधारण २ ते अडीच लिटर ऑइल मावतं. पातळीच्या भोकातून बारीक धार बाहेर येऊ लागली की भरणं थांबवा. काही गिअरबॉक्सना पातळीचा बोल्टच नसतो, तिथे पुस्तिकेतलं माप मोजून ओतायचं. वर “थोडं जास्त असू दे” म्हणून टाकलेलं ऑइल सीलमधून बाहेर येतं.

बुश सोडून बाकी सगळं बदलणे

सैलपणा येतो तो इथे. प्रत्येक केबलला दोन टोकं, म्हणजे एकूण चार सांधे, आणि त्यांत रबराचे किंवा नायलॉनचे बुश. शिवाय दांड्याची बैठक गाडीच्या तळाला जिथे बोल्टने बसते तिथे आणखी चार रबरी बुश. उष्णतेने आणि ऑइलच्या थेंबांनी गिअरबॉक्सकडचे बुश आधी जातात.

हिशोब करून पाहा. दांडा टेकूपासून वर २४० मिलिमीटर आणि खाली ६० मिलिमीटर आहे असं धरू. म्हणजे खालची प्रत्येक हालचाल वर मुठीपाशी चौपट होते. केबलच्या एका टोकाचा बुश फक्त १ मिलिमीटर झिजला तर मुठीला ४ मिलिमीटर ढिलाई जाणवते. दोन्ही टोकं झिजली की ८. शे-दोनशे रुपयांची वस्तू, पण अख्खी गाडी म्हातारी वाटू लागते.

तपासायला दोन माणसं लागतात. एकाने इंजिन बंद ठेवून दांडा हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या केबलच्या टोकांकडे बघायचं. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी एअर फिल्टरचा डबा, कधी बॅटरी आणि तिचा ट्रेही काढावा लागतो. दांडा हलतो, केबल हलते, पण गिअरबॉक्सची पट्टी किंचित उशिरा हलते? बुश गेला.

काढताना एका बाजूने स्क्रू ड्रायव्हर खुपसून ओढू नका. केबलचं प्लॅस्टिकचं टोक तुटतं आणि मग अख्खी केबल बदलावी लागते. दोन्ही बाजूंनी सपाट पान्हे घालून समसमान उचला. क्लिप किंवा स्प्लिट पिन उडून जाते, म्हणून खाली फडकं अंथरा. पिन परत वापरू नका, नवी घाला. रबरी बुशाला साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच चालतं.

पितळी किंवा ॲल्युमिनियमचे कडक बुश मिळतात. दांडा त्यांनी नेमका होतो यात शंका नाही, पण इंजिनाची थरथर आणि गिअरबॉक्सची गुणगुण थेट तळहातात येते. रोज शहरात वापरायच्या गाडीला नवे कंपनीचे किंवा थोडे कडक पॉलियुरेथेनचे बुश पुरतात. बैठकीचे बुश बदलताना त्यांच्या मधली लोखंडी नळी गाळू नका. तिच्याशिवाय बोल्ट आवळला तर प्लॅस्टिकची बैठक तडकते.

केबलच्या आत पातळ स्प्रे मारण्याचा उद्योग टाळा. बहुतेक केबलना आतून निसरडं अस्तर असतं. स्प्रे आतलं ग्रीस धुऊन टाकतो आणि उडून जातो. केबल आतूनच जड झाली असेल किंवा सायलेन्सरच्या उष्णतेने तिचं आवरण वितळलं असेल तर बदला.

सळ्यांच्या जुन्या गाड्यांत इंजिन माउंटही बघा. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की दांडा पुढे-मागे उडी मारत असेल, तर फाटलेल्या माउंटमुळे इंजिनच डोलतंय.

शॉर्ट शिफ्टरकडून भलती अपेक्षा ठेवणे

तोच हिशोब पुढे नेऊ. केबलला १२ मिलिमीटर हलवायचं तर मुठीला ४८ मिलिमीटर जावं लागतं. खालचा भाग ६० ऐवजी ७५ केला तर मुठीचा प्रवास ३८.४ होतो, म्हणजे २० टक्के कमी. पण जोर ४ किलोचा ५ किलो होतो, २५ टक्के जास्त. वरचा दांडा २४० चा १९२ केला तरी नेमकं हेच होतं. फुकट काहीच मिळत नाही. प्रवास देऊन जोर घ्यायचा असा हा व्यवहार आहे.

आणि ढिलाई? बुश झिजलेलाच ठेवला तर आधी ४८ मध्ये ४ मिलिमीटर होती, आता ३८.४ मध्ये ३.२. प्रमाण तेच. मुंबई-ठाण्याच्या गर्दीत दिवसाला शेकडो वेळा गिअर बदलणाऱ्याने १५-२० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. खालचा भाग लांबवलेला असेल तर सगळ्या गिअरमध्ये तो तळाला किंवा सायलेन्सरच्या पत्र्याला घासत नाही ना, हे कन्सोल (दांड्याभोवतीचं प्लॅस्टिकचं झाकण) लावण्याआधीच पाहा.

काही गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या पट्टीला लोखंडी वजन जोडलेलं असतं. ते बिनकामाचं समजून काढू नका. सिंक्रोपाशी येणारा अडखळा त्या वजनाच्या गतीनेच पार होतो.

वजनदार नॉब डोळे मिटून घेणे

३००-४०० ग्रॅमचा नॉब, म्हणजे दांड्याची मूठ, हा खरंच स्वस्त आणि जाणवणारा बदल आहे, पण आटे जुळले तरच. एम८, एम१०, एम१२, आणि त्यातही १.२५ व १.५ असे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतात. नॉब मागवण्याआधी तुमच्या दांड्यावर त्या मापाचा नट हाताने फिरवून बघा. बाजूच्या तीन बारीक स्क्रूंवर टिकणारे सर्वांसाठीचे नॉब हमखास सैल होतात. रिव्हर्ससाठी कडी वर उचलावी लागणाऱ्या गाडीत नवा नॉब त्या कडीला जागा देतो का तेही बघा. उघडा धातू नागपूरच्या मे महिन्यात हाताला चटका देतो; तिथे चामड्याचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या.

कन्सोल उघडताना घाई, लावताना ॲडजस्टमेंट विसरणे

बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट दांड्याच्या पुढेच, कन्सोलखाली बसवलेलं असतं. बॅटरीची ऋण वायर काढा, काही मिनिटं थांबा, मग हात घाला. चाकांना दगड किंवा गुटके लावा, कारण दांडा न्यूट्रलमध्येच राहणार आहे.

केबलचं टोक सोडलं की ॲडजस्टमेंट पुन्हा करावीच लागते. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, दांडा न्यूट्रलमध्ये पिनने अडकवलेला, केबलचं लॉक मोकळं. केबल आपली लांबी आपण घेते, मग लॉक करायचं. पोलोसारख्या फोक्सवॅगन गाड्यांत दांड्याच्या बैठकीतल्या भोकात साडेचार मिलिमीटरचा ड्रिल बिट या पिनचं काम करतो. अंदाजाने लॉक केलं तर गिअर पूर्ण बसत नाही, अर्ध्या दातांवर जोर येतो आणि एक दिवस तिसरा किंवा पाचवा आपोआप निसटतो.

सगळं बसवून झाल्यावर चामडी बूटही (दांड्याभोवतीचं आवरण) लावा आणि मगच तपासा. ताणलेला बूट दांड्याला परत न्यूट्रलकडे ओढतो आणि दोष केबलचा वाटत राहतो. रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा, एकदम सोडा, पुन्हा दाबा; दांडा जागेवर राहिला पाहिजे. एका वेळी एकच बदल करा आणि शंभरेक किलोमीटर चालवा, मगच पुढचा भाग हाती घ्या. त्यानंतर बॉनेट उघडून क्लिप आणि बैठकीचे बोल्ट पुन्हा एकदा बघा. आणि गाडी चालवताना हात दांड्यावर विसावू देऊ नका: त्या भाराने आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) फिरत्या स्लीव्हवर (गिअर जोडणाऱ्या कडीवर) घासत राहतो.